रालित्साची उमेदवारी

रालित्सा द्रागोएवा पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आली तेव्हा मी तिला बसायला धड खुर्चीसुद्धा दिली नव्हती. बल्गेरियातल्या रुसे शहराच्या या दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर माझा जन्म गेला. वही, पेन आणि माझा खणखणीत आवाज, एवढ्यावर इथलं सगळं चालायचं. आता प्लामेन बोनेवच्या कंपनीला कंत्राट मिळालं होतं आणि माझी वही कॉम्प्युटरात घालायला त्याने ही पोर पाठवली होती.

"शिकतेस की नोकरी करतेस?" मी विचारलं.

"दोन्ही, नेवेना मावशी. तीन दिवस कंपनीत उमेदवारी, दोन दिवस विद्यापीठात. कंपनीची सही झाल्याशिवाय पदवी नाही."

"म्हणजे दोन्हीकडे अर्धीच!"

"हो, पण दमते पूर्ण."

इथे मला ती आवडायला लागली. चहाबरोबर मी माझ्या डब्यातली चीज भरलेली बानित्सा तिच्यापुढे सरकवायला लागले, आणि तीही खाता खाता घरचं सांगायला लागली. तिची आई सेवदा इटलीत एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची शुश्रूषा करते. पोर शाळेत असताना गेली ती गेलीच, नाताळाला काय येईल तेवढीच. दवाखान्याचं काम पार पडलं की सही करून लगेच नोकरीवर घेतो, असा बोनेवने शब्द दिला होता. रालित्साची नोकरी लागली की आई कायमची परत येणार होती. पोरीने आईच्या खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवला होता.

प्रोग्रॅम तपासायला खोटे रुग्ण लागतात म्हणे. जिवंत माणसाचं नाव घातलं आणि ते चुकून बाहेर गेलं तर बोंबाबोंब, म्हणून रालित्साने बसथांब्याच्या खांबावर चिकटवलेल्या निधनाच्या पत्रकांवरून नावं उतरवून घेतली. आमच्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी घरचे ती पुन्हा पुन्हा लावतात: कोणाचा चाळिसावा दिवस, कोणाचे सहा महिने, कोणाचं वर्ष. तिला वाटलं, यांची कोण तक्रार करणार? काम झाल्यावर तिने ती सगळी पुसली. एक राहिलं.

नवा कारभार सुरू झाला त्या सकाळी मी पडद्यावर बघून हाक मारली, "दोब्री कानेव, खोली तीन!" वर्षानुवर्षं हाक मारलेलं नाव, जिभेवर बसलेलं. तोंडातून गेलं आणि मग आठवलं, दोब्री तर वारला.

कोपऱ्यातल्या बाकावरून पेनका कानेवा उठली. दोब्रीची बायको, डोक्याला काळा रुमाल. तिने पिशवी उचलली, खोली तीनच्या दारापाशी गेली आणि तो मागून येतोय का म्हणून वळून बघितलं. सगळी माणसं खाली मान घालून बसली.

बोनेव धावत आला. "आजी, जुनी एखादी नोंद वर आली असेल. यंत्र आहे शेवटी." मग रालित्साला बाजूला घेऊन म्हणाला, "तोंड उघडायचं नाही. दवाखान्याला कळलं तर माझं कंत्राट जाईल आणि तुझी सहीही."

ती गप्प बसली. पण पेनका दुसऱ्या दिवसापासून रोज माझ्या खिडकीशी यायला लागली.

"नेवेना, जुनी नोंद म्हणाला ना तो? म्हणजे दोब्रीने नंबर लावला होता. कशासाठी? काय होत होतं त्याला?"

दोब्री द्राक्षांचे वेल छाटता छाटता कोसळला होता, दुखणं असं काही नव्हतंच.

"जेवताना एकदा त्याने छातीवर हात ठेवला होता गं. मी म्हटलं, मिरच्या कमी खा. माझ्यापासून लपवलं त्याने. मी अशी कशी बायको?"

माझ्याने ऐकवेना. मी रालित्साला सगळं सांगितलं. ती उठली आणि बाहेर बाकावर पेनकाजवळ जाऊन बसली.

"आजी, त्यांनी नंबर लावला नव्हता. ते नाव मी घातलं. बसथांब्यावरच्या पत्रकावरून."

"मी चिकटवलेल्या?"

"हो. त्यांना काय होत होतं ते मला माहीत नाही. पण ते इथे आले नव्हते. तुमच्यापासून हे काही लपवलं नव्हतं."

पेनकाने तिच्या थोबाडीत मारली. मग तिचीच बाही घट्ट धरून रडली. किती तरी वेळ ती बाही सोडेना.

ही गोष्ट दवाखानाभर झाली, आणि बोनेवने सही केली नाही. सगळं पोरीवर ढकलून त्याने आपलं कंत्राट मात्र शाबूत ठेवलं, आणि अजून तो मला रस्त्यात भेटला की मी तोंड फिरवते. विद्यापीठ म्हणालं, उमेदवारी पुन्हा करा, दुसरीकडे. तिने ती केली, आज त्या दुसऱ्या कंपनीतच कायम आहे, आणि खोट्या रुग्णांना नावांऐवजी नुसते आकडे देते. तिचं चांगलं चाललंय. पण मला आठवतो तो तिने माझ्या खिडकीत उभं राहून आईला केलेला फोन.

"आई, सही नाही झाली. अजून एक वर्ष."

पलीकडचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू येत होता. "चूक तुझी होती?"

"हो."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं केलंस. आता ठेव बाळा. माझ्या जागी येणारी बाई खाली सामान घेऊन उभी आहे. तिला जा म्हणून सांगते."