सुट्टी न देणारे सर

“सुट्टी सोडून काहीबी माग.”

चिठ्ठी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पोराला आमचे गणिताचे सर हेच म्हणायचे. चष्मा कपाळावर ढकलायचा, चिठ्ठी न वाचताच तिची बारीक घडी करायची आणि ती पोराच्याच खिशात परत ठेवायची, ही त्यांची रीत. बहिणीचं लग्न आहे म्हटलं तर विचारायचे, “अक्षता कितीला?” “साडेबाराला, सर.” “क्लास सातला हाय. नऊला सुटशील. अक्षता काय तुझ्यावाचून अडून राहिल्या न्हाईत.” लातूरहून मुरुड किंवा रेणापूर म्हणजे तासाभराची वाट, त्यामुळे पोराला पुढे बोलायला जागाच नसायची.

तुम्ही म्हणाल, असे कडक मास्तर गावोगावी असतात. असतात. पण कडक मास्तराला पोरं घाबरतात, सरांना कुणी घाबरत नव्हतं. उदाहरण चुकलं तर ते हसायचे. वही घरी राहिली तर स्वतःच्या वहीची पानं फाडून द्यायचे. फक्त पोरगं डोळ्यांसमोर हवं. हजेरी घेताना नाव पुकारलं की मान वर करून तोंड बघायचे, आणि पोरानं ‘हजर’ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. ‘आहे, सर’ म्हणायचं. एखादं आलं नाही तर वर्गाला एक उदाहरण देऊन बाहेर जायचे आणि त्याच्या घरी फोन लावायचे. ताप आलाय एवढं कळलं तरी त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मी नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले आणि याच क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवू लागले. दोन तासांच्या मधे बसायला आम्हा दोघांना कोपऱ्यात दोन खुर्च्या होत्या. लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लोगल्ली मेस, वसतिगृहं, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. आमच्या संचालकांनी सरांच्या हट्टाचीच जाहिरात केली. ‘वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस वर्ग’ असा मोठा फलक लागला आणि पालक खूश झाले. सर त्या फलकाखालून जाताना मान खाली घालायचे. मला वाटायचं, विनयानं.

तिसऱ्या वर्षी नांदेडला माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मला दोन दिवस हवे होते आणि वेळापत्रक सरांच्या हातात. त्यांनी नेहमीचं वाक्य सुरू केलं तशी मी भडकले. मी म्हणाले, “सर, तुम्हाला घरदार, आईबाप काही आहे की नाही?”

सर बोटांवरचा खडू पुसत बसले. मग त्यांनी सांगितलं. एकदाच, सलग, भूमितीची सिद्धता सांगावी तसं. त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या वेळी ते औशाकडच्या एका गावात हायस्कूलवर होते. दहावीची अकरा पोरं-पोरी रात्री अभ्यासाला शाळेत यायची आणि पत्र्याच्या दोन खोल्यांत तिथंच झोपायची. ही शिस्त सरांनीच लावलेली. गणपती विसर्जनाच्या दिवशी पोरं सुट्टी मागायला आली. आधी सर नाही म्हणाले. पोरं मागे लागली. सण होता, पोरं वर्षभर राबत होती, सरांना दया आली. “म्हणलं, जावा. आज मिरवणुकीत नाचा अन् घरीच झोपा.” पहाटे भूकंप झाला. धाब्याची दगडमातीची घरं होती, सगळी बसली. शाळेचे पत्रे वाजले, पण शाळा उभी राहिली, आणि आत एकटे झोपलेले सर वाचले. अकरांपैकी चौघंच वाचली.

“मी सुट्टी दिली न्हाई तर सगळी हायत, मॅडम,” ते म्हणाले. ‘असती’ म्हणायचं त्यांना सुचलं नाही की त्यांनी म्हटलं नाही, मला माहीत नाही.

अशा वेळी माणसानं काहीतरी बोलावं. मी काय बोलले? मी म्हणाले, “चहा सांगू का, सर?” समोरच्याचं दुःख आपल्या आवाक्याबाहेरचं असलं की माझ्यासारखी माणसं किटली शोधतात. सर म्हणाले, “सांगा.” मग त्यांनी वेळापत्रक काढून माझे दोन दिवस स्वतःच्या नावावर घेतले आणि म्हणाले, “जाऊन या. पोचल्यावर तेवढा फोन करा.” त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. त्यांनी काढला नाही, आणि मला काढायचा धीर झाला नाही.

पुढे करोना आला आणि एका संध्याकाळी सगळी वसतिगृहं रिकामी करायचा हुकूम निघाला. पोरं गाद्या, बादल्या, पुस्तकांची गाठोडी घेऊन जीपमध्ये कोंबून बसत होती आणि घरी जायचं म्हणून खुशीत होती. सर क्लासच्या फाटकात उभे राहून प्रत्येकाचा नंबर लिहून घेत होते. बापाचा, मामाचा, शेजारच्या किराणा दुकानाचा. शेवटची जीप गेली तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. पोरं घरी पाठवायची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली होती.

दोन दिवसांनी सकाळीच ते तोंडाला रुमाल बांधून माझ्या फाटकाबाहेर उभे. “मॅडम, ते मोबाइलवर वर्ग भरतो म्हणतात. ते मला शिकवा.”

मी म्हणाले, “सर, मोबाइलवर गणित म्हणजे फोटोतली भाकरी. त्यानं काय पोट भरणार?” माझं तेव्हा खरंच तसं मत होतं, आणि ते मी चार लोकांत ठासून सांगत असे.

“ते मागून बघू. आधी पोरं दिसतेत का बघू,” सर म्हणाले.

फाटकाच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते, असा आमचा वर्ग आठवडाभर चालला. मग त्यांनी अंगणात फळा टांगला, स्टुलावर स्टूल ठेवून सुतळीनं मोबाइल बांधला आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटं त्रिकोणमिती शिकवली. शेवटी एक पोरगी भीतभीत म्हणाली, “सर, तुमचं नुसतं पोट दिसायलंय.” सर पोटाकडे बघून म्हणाले, “मग आधी सांगायचं की माय.” आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

हजेरी मात्र तशीच. नाव पुकारायचं, कॅमेरा लावायला सांगायचं, तोंड बघायचं. एक जण रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर बसलेला, एकीच्या मागे आई भाकरी थापतेय, एकाच्या मांडीवर लहान भाऊ. शेवटचं ‘आहे, सर’ ऐकू आलं की सर खडू उचलायचे. एक दिवस वर्ग संपल्यावर त्यांनी मला फोन केला. म्हणाले, “पोरं घरी हायत अन् वर्गातबी हायत, मॅडम. असं होऊ शकतं हे कुठं ठाऊक होतं?”

माझं मत कसं बदललं तेही सांगते. सरांनी गळ घातली म्हणून मी विज्ञान घेऊ लागले. प्रयोगशाळा नाही, आम्ल-आम्लारी शिकवायचं कसं? म्हटलं, घरातली हळद आणि चुना घ्या. एका दमात चौदा पडद्यांवर चौदा लालभडक तळहात वर आले. क्लासमध्ये मी हा प्रयोग एकटी करायची आणि मागच्या बाकांना काही दिसायचं नाही. त्या दिवसापासून मी भाकरीच्या फोटोची गोष्ट बंद केली.

आणि एक मुलगी आम्हाला त्या वर्गातच सापडली. रेणापूर तालुक्यातला एक पोरगा फार बरोबर उत्तरं देऊ लागला, पण जरा थांबून. सरांनी ओळखलं. “मागून कोण सांगायलंय रे?” “कुणी न्हाई सर, चुलत बहीण हाय. भाकर खायलीय.” सर म्हणाले, “तिला पुढं बसव. तू भाकर खा.”

ती नववीत होती. एकटी पोर लातूरला कशी ठेवायची म्हणून बापानं कधी क्लासचा विचारच केला नव्हता. मोबाइल चुलतभावाचा आणि वह्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या. पण गणित असं करायची की सर फळ्याकडे पाठ करून तिच्या पायऱ्या ऐकत उभे राहायचे. हजेरीत तिचं नाव आलं. शाळा, क्लास हळूहळू उघडले, बाकीची पोरं लातूरला परतली आणि संचालक म्हणाले, आता ते मोबाइलचं बंद करा. सर म्हणाले, “जी येऊ शकत न्हाईत, त्यांचं काय?” सकाळी सहाला, क्लासच्या आधी, अंगणातला वर्ग तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या पाच-सहा पोरींसाठी चालूच राहिला. तिच्या गावी जाऊन ते तिच्या बापालाही भेटून आले. बाप म्हणाला, “मोबाइलवर हाय तोवर शिकू द्या. दहावीपोतर तिच्या लग्नाचं नाव काढत न्हाई.” तिचं सगळं या सहाच्या तासावर टिकून होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. सर खोकू लागले. दोन दिवस त्यांनी पलंगावर बसून शिकवलं. तिसऱ्या दिवशी माझा तास पुढचा होता म्हणून मीही वर्गात होते. एका समीकरणाच्या मधेच सरांना धाप लागली. एक अक्षर फुटेना. तेव्हा तीच पोर म्हणाली, “सर, आज राहू द्या. आज तुमी सुट्टी घ्या. आमी करतो फुडचं.” बाकीच्या पोरीही म्हणू लागल्या, हो सर, घ्या सुट्टी.

सर पडद्याकडे बघत राहिले. त्यांना हसू आलं असावं. म्हणाले, “बरं. तुमी म्हणताव तर घेतो.” त्याच दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं आणि पाचव्या दिवशी ते गेले.

पोरींना मीच सांगितलं, मोबाइलवरच. कुणाला जवळ घेता येत नव्हतं, कुणाच्या पाठीवर हात ठेवता येत नव्हता. या शिक्षणात काय नाही, ते मला त्या सकाळी पुरतं कळलं. त्यानंतर ती मुलगी वर्गात आली नाही. चुलतभाऊ म्हणाला, “मोबाइल हातातच घेत न्हाई, मॅडम. माझ्यामुळं झालं म्हणायलीय.”

जीपगाड्या सुरू झाल्या तशी मी त्या गावाला गेले. ती ओसरीत सोयाबीनचं बियाणं निवडत बसली होती. बाप मला पाहून उठला. म्हणाला, “अभ्यासाचं नाव घेत न्हाई, मॅडम. मग नुसती ठेवून काय करू? एक स्थळ आलंय.” तिनं मान वर केली नाही.

ती पुन्हा शिकू लागली, दहावी झाली, आता लातूरलाच पुढचं शिकते आहे, एवढं सांगून ठेवते म्हणजे तुम्हाला घोर नको. पण त्या दिवशी ते काही ठरलेलं नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, “सरांनी कधी सुट्टी घेतली न्हाई. मीच दिली.”

मी म्हणाले, “बाळ, आजार त्याआधीच छातीत उतरला होता. तू सुट्टी दिलीस ती मायेनं दिलीस. त्यानंतर जे झालं ते तू केलेलं नाहीस. मायेनं केलेल्या गोष्टीचा असा दोष घ्यायचा नसतो.” मला वाटलं होतं तेवढं ते बोलणं अवघड गेलं नाही. मग मी तिला औशाकडच्या त्या गावाची, त्या अकरा पोरांची गोष्ट सांगितली.

तिचे हात थांबले. तिनं विचारलं, “मग सरांची तरी काय चूक होती, मॅडम? पोरांचा सण होता.”

“काहीच चूक नव्हती,” मी म्हणाले.

“आत्ता मला सांगितलं, तसं सरांना कुणी सांगितलंच न्हाई का?”

बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते. मी तिला खरं तेच सांगितलं. म्हणाले, “नाही. कुणीच नाही.”