किडेबाईंचं तळं

बाई बोलता बोलता मध्येच थांबायच्या, समोरच्याच्या खांद्याकडे हात न्यायच्या आणि तिथला किडा अलगद बोटावर घ्यायच्या. समोर मुख्याध्यापक असोत की सरपंच, त्यांना फरक पडत नसे. किडा नीट बघून झाला की खिडकीबाहेर सोडायच्या आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. गावानं त्यांना किडेबाई म्हटलं ते काही उगाच नाही. त्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी तिथंच मराठी शिकवायचो. स्टाफरूममध्ये डबा उघडताना मी त्यांच्या हातांकडे संशयानं बघायचो आणि त्यांना हसू यायचं.

धामणगाव बढ्याच्या अलीकडचं आमचं गाव सगळं कपाशीवर जगणारं. बीटीचं बियाणं आलं तेव्हा अळीची कटकट संपली असं सगळ्यांनी मनाशी धरलं. बाईंनी धरलं नाही. त्या विज्ञानाच्या तासाला मुलांना शेतातली पानं आणायला लावायच्या. "पानाले भोक दिसलं का गप बसू नका. कोनं खाल्लं ते हुडका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेषराव नावाचा मुलगा सगळ्यात जास्त पानं आणायचा. पुढं तो बापाची शेती बघू लागला, तरी बाई त्याला आपल्या वर्गातलाच समजत.

गावाच्या खालच्या अंगाला तळं आहे. त्यात किसनाभाऊ भोई मासे धरायचे. मग जलपर्णी आली आणि बघता बघता तिनं पाणी झाकून टाकलं. जाळं टाकायला जागा उरली नाही, तेव्हा किसनाभाऊ बायकोपोरांना घेऊन खामगावला कापसाच्या जिनिंगवर कामाला गेले. त्यांची दुर्गा आमच्या सातवीत होती. तिची बाकावरची जागा बाईंनी कुणाला दिली नाही. पाणी मोकळं झालं की पोरगी परत येईल, असं त्या ठामपणे सांगायच्या.

त्यासाठी त्यांनी कुठल्याशा संशोधन केंद्रातून जलपर्णी खाणारे भुंगेरे मागवले. तांदळातल्या सोंड्याच्या जातीचे, पण अंगानं मोठे. घरामागच्या सिमेंटच्या टाक्यात जलपर्णी ठेवून, वर जुनी मच्छरदाणी बांधून, बाईंनी ते वाढवले. त्यांच्याकडे चहाला गेलं की आधी टाक्यावर हजेरी लावावी लागे. पावसाळ्यात त्यांनी ते तळ्याच्या काठाकाठानं सोडले. दोन-तीन वर्षं तरी लागतील, असं त्या गावाला सांगत होत्या. किड्यांच्या जिवावर तळं साफ करणार म्हणून लोकांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली, मीही केली.

पण पुढच्या वर्षी काठची पानं ठिपक्याठिपक्यांनी भरली, देठ मऊ पडले आणि एका कोपऱ्यात काळंभोर पाणी दिसायला लागलं. बाईंनी मला हाताला धरून तिथं नेलं. खामगावला निरोप गेला. किसनाभाऊ स्वतः येऊन पाहून गेले, आणखी थोडं उघडलं की येतो म्हणाले. त्या दिवशी बाईंनी सगळ्या स्टाफला पेढे दिले.

त्याच साली बीटीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली. बोंड फोडावं तर आत अळी. गाव भेदरलं. अळी आली कुठून, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, आणि बाईंचं टाकं सगळ्यांना माहीत होतं. बाई पारावर जाऊन समजावून आल्या. हे वेगळे, ते वेगळे. हे उपाशी मरतील, पण कपाशीला तोंड लावणार नाहीत, असं परोपरीनं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या.

दोन दिवसांनी सकाळी शाळेत बातमी आली, तेव्हा आम्ही दोघं तळ्यावर धावलो. शेषराव आणि आणखी तिघं-चौघं पाठीवर पंप घेऊन काठावर उभे होते. कपाशीवरचं औषध त्यांनी ठिपक्यांच्या पानांवर मारलं होतं. उघड्या पाण्यात मासे उलटे पडले होते. देठांच्या बेचक्यांत भुंगेरे मरून पडले होते. जलपर्णी तेवढी टवटवीत होती.

"बाई, पानाले भोकं दिसले," शेषराव म्हणाला. "कपाशीत घुसाच्या आधीच मारले."

माझा संताप झाला होता. मी काही बोलणार तोच बाईंनी मला हातानं थांबवलं. त्यांनी त्यालाच विचारलं.

"फवारतांनी तोंडाले रुमाल बांधला होता का?"

त्यानं मान हलवली. नव्हता बांधला.

"घरी जाय. साबन लावून आंग धू, कपडे बदल. मंग जेव."

एवढंच बोलल्या. वाटेत मात्र त्यांना रडू आवरलं नाही.

पुन्हा भुंगेरे आणायची परवानगी त्यांनी मागितली. ग्रामसभेनं एकमुखानं नाही म्हटलं. काळा कोपरा परत हिरवा झाला. किसनाभाऊ आले नाहीत. शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा बाईंनी दुर्गाच्या जागेवर दुसरी मुलगी बसवली. त्यानंतर त्यांनी मुलांना पानं आणायला सांगितलं नाही. धडा पुस्तकातून वाचून दाखवत, खाली मान घालून.

निवृत्त झाल्यावर त्या नांदुऱ्याला भावाकडे गेल्या आणि दोन वर्षांत गेल्याच. तेरवीला शेषराव आला होता. केस पांढरे व्हायला लागले होते. पंगतीत माझ्या शेजारी बसला, पण त्यानं घास उचलला नाही.

"सर, त्या दिवशी बाई मले रागावल्या असत्या तं लय बरं झालं असतं," तो म्हणाला. "मी मंग त्यायच्या घरी गेलो असतो."