न पोहोचलेलं पातेलं

लसणाविना केलेल्या पिठल्याला एक कोरडा, उदास वास असतो. तो कुठून आला की मी खिडकी लावून घेतो. घरच्यांना वाटतं, मला पिठलं आवडत नाही. खरं कारण मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझी बायको त्याची साक्षीदार आहे. पण ती विसरली असेल, अशा समजुतीवर मी इतकी वर्षं काढली.

मरण आलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. बिनलसणाचं पिठलं आणि भात शेजारून येतो. बडोद्याच्या सुभानपुऱ्यात आम्ही सारे आपापली गावं सोडून आलेले, कुणी रेल्वेत, कुणी रिफायनरीत, कुणी मास्तर. भाऊबंद दूर, मग शेजारधर्म कुणी सांभाळायचा? तो नलूवहिनींनी सांभाळला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. त्या दिवसांत घरोघर नवे फोन आले होते. बातमी कळताच वहिनी फोन फिरवत: एकीकडे भात, दुसरीकडे पिठलं, तिसरीकडे ताक. स्मशानातून परतलेली माणसं दाराशी कडुनिंबाचं पान चावेपर्यंत फडक्यानं झाकलेली पातेली आत पोहोचलेली असत. "दोन घास खा बाई, रडायलासुद्धा अंगात जोर लागतो," असं म्हणत त्या वाढत. एखादे जावई संकोचानं भिंतीला टेकून उभे राहिले, तर त्यांनाही सुटका नसे. "जावईबापू, आज मान नाही, नुसतं पान आहे. बसा!" शोकालाही भूक लागते आणि त्या भुकेची शोकाला लाज वाटते, हे जाणून ती लाज हलक्या हातानं दूर करणारी माणसं किती विरळ असतात!

मी तेव्हा मंडळाचा चिटणीस. गणेशोत्सवात निःस्वार्थ सेवेबद्दल नलूवहिनींचा सत्कार करायची कल्पना माझीच, भाषणही माझंच. करुणेची मूर्ती काय, साक्षात अन्नपूर्णा काय. शब्दांची मला कधी वाण पडली नाही. टाळ्या पडल्या. शेजारचे गुजराती गृहस्थ उठून म्हणाले, "वाह भाई, बहु सरस बोल्या!" शाल सावरत वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "भाऊजी, इतकी विशेषणं? अहो, मी अजून जिवंत आहे!" मी मनमुराद हसलो.

त्याच हिवाळ्यात त्यांचे यजमान गेले. आम्ही सगळे स्मशानात गेलो, परतलो, त्यांच्या दाराशी हात जोडून पांगलो. घरी येऊन पाहतो तो बायकोनं बेसनाचा डबा काढलेला. "करायला घेऊ का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "अगं, नलूवहिनींचं घर ते! सगळी कॉलनी पातेली घेऊन उभी असेल. उगाच अन्न वाया जायचं." तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि डबा जागेवर ठेवला. मी आंघोळ केली, गरम वरण-भात जेवलो. वर तूपही मागून घेतलं.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "परवा जेवणाचं सगळं नीट झालं ना?" वहिनी हसल्या. ते हसू मी अजून विसरू शकत नाही. म्हणाल्या, "कुठलं हो! मुलींनी पाण्यात बिस्किटं बुडवून खाल्ली. फोन नेहमी मी करायची ना. या वेळी माझ्याकडून राहिला. मग कोण येणार?" त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. एखादा टोमणा असता तर किती बरं झालं असतं!

खरं तर मला तेव्हाच सांगता आलं असतं. इतरांना सुचलं नाही. आमच्या घरात सुचलं होतं, मी ते थांबवलं होतं. पण भाषणात न अडखळणारी माझी जीभ त्या घरात टाळूला चिकटून राहिली. पुढल्याच वर्षी माझी आई गेली. स्मशानातून आलो, तर स्वयंपाकघराच्या दारात नलूवहिनी उभ्या, हातात पळी. "भाऊजी, बसा. दोन घास खा." मी बसलो. त्यांनी वाढलं ते सगळं खाल्लं. खाली मान घालून खाल्लं.

पुढे त्या धाकट्या मुलीकडे नागपूरला गेल्या. आमच्या दारांत गाड्या आल्या, मुलं परदेशी गेली. आता कुणी गेलं की केटररला फोन होतो आणि चंदेरी डब्यांत बंद अन्न येतं. कुणी उपाशी राहत नाही. कुणी कुणाला "बसा" म्हणत नाही. मंडळाचे सत्कार मात्र चालू आहेत. भाषणं अजून लोक माझ्याचकडून लिहून घेतात आणि मी लिहून देतो. कोणत्या तोंडानं, असं मात्र कुणी विचारत नाही.

उपकार फेडता येतात म्हणे. पण हा कसा फेडावा? त्यासाठी त्यांच्या घरी पुन्हा मरण यायला हवं, आणि असं कुणी इच्छील का? तेही आलं. गेल्या उन्हाळ्यात वहिनींच्या धाकट्या मुलीचा नागपूरहून फोन आला: आई गेली. मी सांत्वनाचे चार शब्द बोललो, चांगले बोललो. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नलूवहिनींच्या घरी मी एका दिवसाचं जेवण देणं लागतो. ते आता घेणारं कुणी नाही, आणि मी ते अजून दिलेलं नाही.