विहारात वाचलेला शेवट

वाचकांच्या प्रतिक्रिया मी लावून ठेवते. वीज केंद्राच्या भांडारात आयुष्य गेल्यावर ही सवय लागतेच. फोन आला की कोणी, कुठून, काय म्हणालं ते लिहायचं, पत्रं फाइलला, मोबाइलवरचे निरोप छापून त्याच फाइलला. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये जागा कमी, त्यामुळे गठ्ठे करून चालत नाही.

कादंबरी साधी आहे. धानाच्या गावातला एक मुलगा टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जातो आणि परत येत नाही. त्याची आई वाट बघते. शेवटच्या प्रकरणात ती त्याची खाट शेजारच्या घरी देऊन टाकते. एवढंच.

प्रतिक्रिया आल्या, नाही असं नाही. कार्यालयातल्या एका सहकाऱ्यानं डबा खाताना विचारलं, "मॅडम, पुस्तकातला तो ठेकेदार म्हणजे मीच ना?" मी नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटलं. त्यानंतर तो सगळ्यांना ठेकेदार तोच असल्याचं सांगत फिरला. पुण्याच्या एका बाईंनी कळवलं की भाषा गोड आहे, पण शेवटी थोडी आशा हवी होती. एकानं पुस्तकाचं पार्सल भिजून आलं म्हणून ऑनलाइन रेटिंगमधला एक तारा कापला. आशा हवी होती असं म्हणणारे सगळ्यांत जास्त निघाले. मी प्रत्येकाला आभाराचं उत्तर पाठवलं. लिहिणाऱ्याला प्रतिक्रिया म्हणजे प्राणवायू असतो, असं मी तेव्हा एका कार्यक्रमात बोलूनही गेले.

खरं म्हणजे मला एकाच प्रतिक्रियेची गरज होती. ती माझ्या थोरल्या बहिणीची. आम्ही तिला बाई म्हणतो. ती सावलीजवळच्या आमच्या गावात राहते, आणि कादंबरीतली आई तीच आहे. तिचा मुलगा असाच टोळीबरोबर गेला. होळीच्या सुमारास टोळी परतली, तो आला नाही. दुसरीकडं जास्त मजुरी मिळते म्हणून तळावरून निघून गेला, असं बाकीच्यांनी सांगितलं. आम्ही पोलिसात गेलो, तिकडच्या गावांत फोटो दाखवत फिरलो, पुढं फिरणंही थांबलं. लिहायच्या आधी मी बाईला विचारलं होतं. "लिव ना," एवढंच म्हणाली.

पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत तिला नेऊन दिली. तिची शाळा लवकर सुटलेली. सही करते, बसची पाटी वाचते, पुस्तक वाचत नाही. तिनं प्रत कपाळाला लावली आणि बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवली. मी वाचून दाखवू का, असं विचारलं, तर म्हणाली, मंग पाहू. ते मंग काही आलं नाही. मीही आग्रह केला नाही. तिनं ऐकावं आणि काहीतरी बोलावं, बरं की वाईट ते चालेल, यापलीकडं माझी इच्छा नव्हती.

पावसाळ्यात आमच्या विहारात वर्षावासाचं वाचन असतं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी एक जण मेजापाशी बसून ग्रंथ वाचते, बाकीच्या चटईवर बसून ऐकतात. त्या दिवसाचं वाचन संपलं की सगळ्या मिळून 'साधू साधू साधू' म्हणतात आणि घरी जातात. धम्माचं सोडून दुसरं काही त्या मेजावरून कधी वाचलं गेलेलं नव्हतं. गेल्या वर्षी ग्रंथ थोडा आधीच संपला. उरलेल्या दिवसांत काय करायचं, तर महिला मंडळानं ठरवलं की आपल्या गावच्या लेकीचं पुस्तक वाचू. मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं. बाई एक दिवसही वाचन चुकवत नाही, हे मला माहीत होतं.

पौर्णिमा झाली आणि बाईचा फोन आला. ती आपणहून कधी फोन करत नाही. म्हणाली, "झालं वाचून तुयं पुस्तक. लय चांगलं लिवलं, माय. मले लय समाधान वाटलं." मी कार्यालयातच होते. मालाचा ट्रक दाराशी उभा होता, तो तसाच उभा ठेवून मी बाहेर येऊन ऐकत राहिले. मग तिनं विचारलं, मिरचीवाले यंदाही होळीच्या मागंपुढंच येतील ना. गावातल्या टोळीबद्दल विचारत असेल, असं समजून मी हो म्हटलं.

रविवारी मी मूल गावाहून सावलीची बस धरली. गावच्या फाट्यावर बाईच्या गल्लीतल्या एका घरची सून उभी होती. शिकलेली, आवाज चांगला, म्हणून विहारातलं पुस्तकाचं वाचन तिच्याकडं दिलं होतं. मी येणार हे बाईनं सगळ्या गल्लीला सांगितलेलं. माझी पिशवी हातात घेऊन ती बाजूला चालायला लागली, आणि फाटा मागं पडल्यावर म्हणाली, "ताई, शेवटचं तुमचं मी वाचलं नाई."

मला वाटलं, दिवस कमी पडले असतील.

"वाचली मी घरी. रडली बी. पन विहारात पान उघडलं अन् बाई समोरच बसून होत्या. साऱ्या जनी त्यायच्याचकडं पाहून राह्यल्या होत्या. ते खाट देऊन टाकते म्हनून कसं वाचू मी त्यायच्या तोंडावर? तुमी वाचलं असतं का?"

मग तिनं काय वाचलं, ते सांगितलं. मुलगा परत येतो. डोक्यावर मिरच्यांचं पोतं असतं, ते अंगणात टाकतो आणि माय अशी हाक मारतो. पुस्तकावर नजर ठेवूनच तिनं हे सगळं सांगितलं होतं, न अडखळता. दोघी-तिघींनी पुस्तक आधी वाचलेलं होतं, त्याही काही बोलल्या नाहीत. मग सगळ्यांनी साधू साधू साधू म्हटलं. तिच्यावर रागवायला मला काही सापडेना. कितीतरी वाचकांनी जे मागितलं होतं, ते तिनं दिलं होतं.

बाईच्या अंगणात खाट टाकलेली होती आणि खाटेवर नवी गादी उन्हाला घातली होती. सावलीहून कापूस पिंजून, भरून आणलेली. खोळ निळी, अजून न धुतलेली. मी गादीकडं बघतेय हे तिनं पाहिलं.

"जुनी पार दबून गेली होती," ती म्हणाली. "होळीले येईन तं लागन ना."

मी विचारलं, कोण येणार आहे. तर ती हसली, मी थट्टा करतेय असं समजून. तिचा हिशेब असा: मी हापिसात असते, माझ्या मोठमोठ्या लोकांशी ओळखी आहेत, मला त्याचा पत्ता लागला असणार. फोनवर सांगण्यासारखं नसेल म्हणून मी पुस्तकात लिहिलं, असं तिनं आपल्या मनाशी नीट लावून घेतलं होतं. विहारात वाचलं गेलं, म्हणजे तिच्या दृष्टीनं काही शंकाच नव्हती. "नाई तं एवढं बारीक कसं लिवलं असतं तू? पोत्याचं तोंड कोन्या सुतळीनं बांधलं, थे बी लिवलं."

सुतळीचंही त्या सुनेनं घातलं होतं.

मी फळीवरची प्रत काढली. न सांगता निघून जाता आलं असतं; गल्लीत सगळ्यांनी तेच केलं होतं. पण होळी येणार होती, टोळी परतणार होती, आणि ती फाट्यावर जाऊन उभी राहणार होती. उंबऱ्यावर बसून मी तिला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं, छापलं होतं तसं. ती तांदूळ निवडत होती. निवडायचं थांबली नाही. खाट उचलून नेतात ते वाक्य आलं तेव्हा मी थांबले. पाणी पिऊन पुढं वाचलं. शेवटी साधू म्हणायला कोणी नव्हतं.

बाईनं सुपातले खडे बाजूला टाकले.

"हे तू लिवलं."

"हो."

"अन् थे विहारातलं?"

ते माझं नाही, एवढंच मी सांगितलं. सुनेचं नाव घेतलं नाही, पण तिला कळलं असावं.

"मंग खरं कोनतं हाये?"

"खरं कोणतंच नाही, बाई. मला काहीच माहीत नाही. त्याचा पत्ता मला लागलेला नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. रडली नाही. बस आज का आली नाही, असं विचारावं तितक्या सरळ आवाजात तिनं विचारलं, "मालूम नाई तं लिवते काऊन?"

तीच ती प्रतिक्रिया, जिच्यासाठी मी वर्षभर थांबले होते. ती मी कुठंच लावलेली नाही. कार्यक्रमांतून सांगायची उत्तरं मला येतात, ती त्या उंबऱ्यावर तोंडातून निघेनात. अजून कधी एखाद्या वाचकाचा निरोप येतो, शेवट अंगावर आला वगैरे. मी वाचते आणि बाजूला ठेवते. दुसरी कादंबरी अर्ध्यावर आहे. तिच्यातही कोणाला तरी कुठून तरी परत आणायचं किंवा आणायचं नाही, हे ठरवावं लागेल, म्हणून ती तशीच पडली आहे.

त्या दिवशी मात्र मी वाट बघत होते की आता ती गादी घरात नेऊन गुंडाळून ठेवेल, किंवा मला म्हणेल, घेऊन जा तुझ्याकडं. चहा झाला. ऊन सरकलं. ती उठून अंगणात गेली, गादीवर हात दाबून बघितला आणि मला हाक मारली.

"या बाजूनं वाळली. धर तिकून."

मी धरलं. दोघींनी मिळून ती उलटली आणि दुसरी बाजू उन्हाला लावली.