मागच्या दारावरचा हात

मी या ग्रुपवर नेहमी फक्त वाचते. लिहितेय पहिल्यांदाच, तेही खूप विचार करून. शाळा इंग्लिश मिडियमची, त्यामुळे चुका असतील, सांभाळून घ्या. आणि एक आधीच सांगते... इथले बरेचसे अनुभव वाचून मी मनात म्हणायचे, ‘झोप झाली नसेल यांची.’ आमच्या घरी कुणी दृष्टसुद्धा काढत नाही. मला अजूनही भुताखेतांबद्दल काही म्हणायचं नाहीये. फक्त जे झालं ते लिहिते.

आम्ही खांदेश्वरला राहतो. माझं ऑफिस जासईच्या पुढे, कंटेनर यार्डच्या बाजूला. आधी ऑफिसची गाडी न्यायला यायची, ती बंद झाली. तिथे जायला धड बस नाही आणि रिक्षावाले ऑफिसच्या गेटपर्यंत येत नाहीत. म्हणून बाबांनी करावे गावातल्या एका ओळखीच्या माणसाकडून सेकंडहँड गाडी घेतली. माझ्यासाठी. पण गाडी घरी आली ती आवाज घेऊनच. खड्डा आला, स्पीडब्रेकर आला की आतून कुठूनतरी खडखड... बारीक, पण एकदा ऐकू आली की दुसरं काही ऐकू येत नाही अशी.

बाबा म्हणाले, “आवाज कसला ते कळल्याशिवाय तू एकटी न्यायची नाहीस. त्या रस्त्याला ट्रेलर किती असतात बघितलेस ना? मध्येच चाक निखळलं तर?”

मग रोज सकाळी ते माझ्यासोबत ऑफिसपर्यंत यायचे आणि गाडी घेऊन परत जायचे. संध्याकाळी पुन्हा न्यायला. त्यांची पाठ आधीच दुखते. आठवड्याभरातच आई म्हणाली, “असं किती दिवस चालणार? त्यापेक्षा जवळ कुठेतरी दुसरी नोकरी बघ.” मी तशीही फार बोलत नाही. पण ती नोकरी मी स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती, आणि एका खडखडीपायी मला ती सोडायची नव्हती.

कळंबोलीला एक गॅरेज आहे, तिथे गाडी दाखवली. मेकॅनिकने ती वर उचलून सगळं खालून हलवून, ठोकून बघितलं.

“खालचं सगळं ओके आहे, काका. आतलं कुठलंतरी प्लास्टिक वाजतंय. एकाने चालवायची, दुसऱ्याने एकेक जागा हाताने दाबून धरायची. आवाज थांबला की समजायचं, जागा सापडली.”

रविवारी सकाळी आम्ही तेच केलं. मी चालवत होते, बाबा शेजारी बसून डॅशबोर्ड दाबत होते, मग ग्लोव्ह बॉक्स, मग त्यांच्या बाजूचं दार. काही फरक नाही. “पुढे नाहीच बहुतेक,” असं ते म्हणत होते, आणि आवाज थांबला.

“सापडलं!” मी म्हणाले. “कुठे दाबलंत?”

“मी कुठे दाबलं?”

मी बघितलं. बाबांच्या एका हातात चष्मा होता, दुसऱ्या हातात रुमाल. ते काच पुसत होते.

“रस्ता चांगला लागला असेल,” ते म्हणाले. रस्ता चांगला नव्हता. पेव्हर ब्लॉक उखडलेले होते आणि आम्ही दोघंही उडत होतो. थोड्या वेळाने खडखड परत सुरू झाली. बाबांनी चष्मा घातला आणि विषय संपवला.

पुढच्या शनिवारी बाबांनी मला टायरमध्ये हवा भरायला एकटीला पाठवलं. “पंपापर्यंतच. सेक्टरच्या बाहेर जायचं नाही.” भर दुपार होती. रस्त्यावर क्लासला जाणारी मुलं, उसाच्या रसाची गाडी, सगळं नेहमीचं.

येताना खडखड चालू होती आणि तशीच अचानक थांबली. या वेळी मी नीट ऐकलं. आवाज बंद झाला नव्हता, दबला होता. ताटली खाली पडून थरथरत असते आणि आपण तिच्यावर तळवा ठेवतो ना... अगदी तसा.

मी का बोलले मला माहीत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मी हळूच म्हणाले, “हात काढा.”

खडखड सुरू झाली.

मागे बघायची हिंमत नव्हती. आरशात सीट रिकामी दिसत होती, कव्हरवर ऊन पडलं होतं, बस. मी पुन्हा म्हणाले, “ठेवा.”

थांबली.

मी गाडी कडेला घेतली. उतरून पळावं असं वाटलं, खरंच. पण त्याच क्षणी दुसराही विचार आला, आणि तो मला आजही विचित्र वाटतो. जागा माहीत असलेलं कुणीतरी गाडीत आहे, आणि मला जागा हवी आहे.

“कुठे आहे ते?” मी विचारलं.

मागच्या डाव्या दारावर, खालच्या बाजूला, टक् टक् असं वाजलं. मेकॅनिक बोटाच्या पेराने प्लास्टिक वाजवून बघतो तसं. गाडी उभी होती. इंजिन बंद होतं.

घरी मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर गॅरेजला गेले आणि मेकॅनिकला म्हणाले, “मागचं डावं दार. खाली.”

“कोण म्हणालं?”

“मी... दाबून बघितलं.”

“चालवता चालवता? ताई, तुमचा हात आहे का क्रेन?”

बाबा हसले. मीही हसल्यासारखं केलं. त्याने दाराचं आतलं कव्हर काढलं, एकेक क्लिप, एकेक स्क्रू तपासला. सगळं घट्ट. ढिलं काहीच नव्हतं. शेवटी, आलोच आहोत तर म्हणून त्याने आतून फोमची पट्टी चिकटवली आणि कव्हर परत लावलं.

आवाज गेला. बाबांनी मुद्दाम सगळ्यात वाईट रस्त्यावरून फिरवून आणली. एकदम शांत. सोसायटीच्या गेटपाशी ते म्हणाले, “उद्यापासून जा एकटी.” या वाक्यासाठी मी किती दिवस थांबले होते! पण आनंद व्हायच्या ऐवजी माझी नजर मागच्या डाव्या दाराकडे गेली.

नंतर दुसरी किल्ली आणायला आम्ही करावे गावात गेलो, तेव्हा मी धीर करून आधीच्या मालकांना विचारलंच. या गाडीत कधी काही झालं होतं का... म्हणजे अपघात, किंवा कुणी...

त्यांनी आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “कोनी मेला नाय बाय या गाडीत. कोनी जल्मला पन नाय. आमची सगली मानसा धडधाकट हायेत, मोजून घे.” आणि आतून त्यांच्या मिसेस ओरडल्या, “तिला चा तरी दे आधी, मग मानसा मोजायला लाव!” सगळे हसले. आवाजाचं विचारलं तर म्हणाले, “आवाज? आमच्याकडं कवाच नव्हता.”

म्हणजे तिथेही काही नाही. ना अपघात, ना कुणाचा मृत्यू, ना कुठली गोष्ट. दारात काही ढिलं नव्हतं, मग आधी वाजत काय होतं? आणि आता वाजत नाही ते फोममुळे, की...? हे कळायला मला फक्त त्या दुपारचे ते पहिले दोन शब्द पुन्हा म्हणावे लागतील. मी ते म्हटलेले नाहीत. म्हणणारही नाही. मला रोज त्या रस्त्याने एकटीलाच जायचं असतं.

गेल्या आठवड्यात ऑफिसमधली एक मैत्रीण लिफ्ट मागायला आली. हातात मोठी बॅग होती म्हणून ती सरळ मागचं डावं दार उघडायला गेली. मी म्हणाले, “पुढे बस ना.” इतकं पटकन, की ती थबकली. तिने काचेतून आत डोकावून बघितलं आणि हसत विचारलं, “का गं? मागे कोणी बसलंय का?”

मी म्हणाले, “नाही.”

आणि आपण कुणाच्या तरी तोंडावर खोटं बोललो, असं वाटून घरी पोचेपर्यंत मी आरशात बघू शकले नाही.