डाव्या पायाच्या सात रेघा

त्या इमारतीतली पोरं त्याला तिपाईमामा म्हणत. मामा, कारण तिसऱ्या मजल्यावर त्याची ताई राहायची. तिपाई, कारण कॅमेऱ्याचा तो जुना, जडशीळ स्टँड खांद्यावर नसताना त्याला कोणी पाहिलंच नव्हतं. सव्वीस वर्षं पासपोर्ट फोटो काढण्यात गेली. मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि स्टुडिओत माश्या मारायची पाळी आली. अशात हे काम मिळालं.

इमारतीच्या भिंतीला तडा गेला होता. इंजिनिअरबाईंनी सांगितलं, दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून भिंतीचा फोटो काढा. तडा वाढला तर पाचही बिऱ्हाडं बाहेर. नाही वाढला तर राहा.

"माझं घर तुझ्या हातात आहे बाबा," ताई म्हणाली. "तेवढा हात हलू देऊ नकोस."

"हात हलला तरी हा हलत नाही," स्टँडवर थाप मारून तो म्हणाला.

कामाला चोख माणूस. समोरच्या फुटपाथवर तीन पायांसाठी तीन ठिपके रंगवले. पाय किती बाहेर ओढायचे त्याच्या रेघा खिळ्याने नळ्यांवर कोरल्या. जाड नळी आधी काढायची, बारीक मागून. मधला दांडा वर चढवायचा नाही. वारा असला की खालच्या आकड्याला दगडांची पिशवी टांगायची. स्टँड तिरपा आहे का ते बुडबुड्याने दाखवणारी लेव्हलची काचनळी मात्र कधीच कोरडी पडली होती. समोर एवढी मोठी भिंत असताना लेव्हल हवी कशाला? भिंतीची कड चौकटीच्या कडेला लावायची, झालं.

दुसऱ्या महिन्यात कड जुळेना. भिंत उजवीकडे केसभर झुकलेली दिसली. डाव्या पायाचं रबर झिजलं असणार, म्हातारा झाला बिचारा, असं म्हणत त्याने तो पाय जरासा बाहेर ओढला. भिंत सरळ. खिळ्याने नवी रेघ. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेच, चौथ्यातही. इंजिनिअरबाई फोटो ताडून बघत आणि लिहीत: फरक नाही. सातव्या महिन्यात डाव्या पायावर सात रेघा झाल्या होत्या. पहिली आणि शेवटची यांच्यात बोटाची रुंदी.

आठव्या महिन्यात त्याने मनावर घेतलं. या म्हाताऱ्याकडून अजून दहा वर्षं काम घ्यायचं तर त्याची सेवा करायला हवी. रॉकेलने नळ्या पुसल्या, स्क्रू आवळले, कुबड्यांना लावतात तसली तीन नवी रबरं आणली आणि जुनी उपटून तळहातावर ठेवली.

तिन्ही सारखीच होती.

त्याने पट्टीने मोजली. पुन्हा मोजली. डावं रबर तसूभरही कमी नव्हतं.

दुकान उघडं टाकून तो स्टँड घेऊन पळाला. ठिपक्यांवर पाय, नळ्या पहिल्या रेघेवर. शेजारच्या दुकानाला गिलावा चालला होता, त्या गवंड्याची लेव्हल मागून स्टँडच्या डोक्यावर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्ये.

"मामा, स्टँड एकदम फर्स्टक्लास आहे," गवंडी म्हणाला. "मग तोंड का उतरलं?"

त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. भिंत कलली होती. खिडक्या, सज्जे, वाळत घातलेल्या चादरींची दोरी, सगळं एका अंगावर गेलेलं. कॅमेऱ्यावरून डोळा बाजूला घेऊन नुसतं पाहिलं तर काहीच कळत नव्हतं. पुन्हा डोळा लावायचा त्याला धीर होईना.

त्याने फोनवर सगळं सांगितलं तशा इंजिनिअरबाई तासाभरात आल्या. त्यांनी फोटो मागितलेच नाहीत. डाव्या पायाशी उकिडव्या बसून रेघांमधली अंतरं मोजली, वहीत आकडेमोड केली. मग उठून म्हणाल्या,

"अख्खी इमारत एकसंध कलतेय, म्हणून तडा तेवढाच राहिला. आणि तुम्ही मला दर महिन्याला सरळ केलेली इमारत पाठवत होतात." मग जिन्याकडे धावत, "आज, आत्ता, सगळे खाली!"

दिवस मावळायच्या आत पाचही बिऱ्हाडं फुटपाथवर आली. गाद्या, सिलिंडर, कपड्यांची बोचकी. ताई शेवटी आली, शिलाई मशीनचं मुंडकं लेकरासारखं छातीशी धरून.

"फोटोत तर सरळ होती ना रे?"

"मीच सरळ केली, ताई."

"दर महिन्याला?"

त्याने होकारार्थी मान डोलावली. आता ती तोंडाला येईल ते बोलेल, बोललीच पाहिजे, असं त्याला वाटलं. ती फुटपाथच्या कडेला बसली आणि वर आपल्या खिडकीकडे बघत राहिली.

"माझ्या हातून दोऱ्याचं रीळ पडलं," ती म्हणाली, "की घरंगळत त्याच एका कोपऱ्यात जायचं. रोज. मी म्हणायचे, मेली फरशीच धड नाही. कोपऱ्यात एक डबा ठेवला होता मी. रिळं अडायला."