चालु

हे मी घरात बोललो नाही, बाहेर बोललो नाही. सरांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतोय — तरी बघा, शब्द अडकतोच आहे.

मी जिंतूरकडचा. आठवीत शाळा सुटली — सुटली कसली, सोडली. हैदराबादला आलो तेव्हा तेलुगूचा गंध नव्हता. नल्लकुंट्याच्या मेसमध्ये वाढणारी बाई भात घेऊन यायची, विचारायची, "चाला?" मी जोरात म्हणायचो, "चालू, चालू!" म्हणजे येऊ दे अजून. ती सरळ पुढच्या ताटाकडे. चार दिवस मी अर्धपोटी उठलो. पाचव्या दिवशी शेजारचा हसून हसून बेजार — "अरे मियां, चालु बोले तो बस! और होना तो इंका बोल!" तेलुगूतला हा शब्द मी असा भुकेनं शिकलो. असा शब्द कुणी विसरतं का?

पुढे पुण्याचे सर भेटले. माहितीपट करायचे. त्यांना तेलुगू येत नव्हतं, मला येतं असं मी सांगितलं. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. माइक हातात दिला, हेडफोन कानावर चढवला, आवाज कसा धरायचा ते शिकवलं. आज जे काही आहे ते त्यांच्यामुळे. म्हणूनच तर —

नाही. कारणं सांगायची नाहीत असं ठरवून बसलोय.

राज्याच्या वाटणीचे दिवस. आज बंद, उद्या मोर्चा. गटारात उतरून गुदमरून गेलेल्या एका माणसाच्या बायकोला सर चित्रित करत होते. दोन बंदांच्या मधला एकच दिवस हाती होता. संध्याकाळी नामपल्ली स्टेशनावरून सरांची परतीची गाडी. मुलगी शाळेत गेलेली, घरात आम्ही तिघंच. बाई बोलत होती. त्या दिवशी नवऱ्याला ताप होता, इथपर्यंत आली आणि थांबली. हात थोडा वर केला. हेडफोनमधून तिचा आवाज माझ्या डोक्याच्या आतच बोलल्यासारखा आला — "चालु बाबू, चालु."

सरांनी कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता हळूच विचारलं, "चालू ठेवा म्हणतायत ना?"

"हो सर."

एवढंच. दोन शब्द. आणि वर मीच तिला म्हणालो, "चेप्पंडी अम्मा." सांगा.

तिनं सांगितलं. तो जात नव्हता, अंथरुणातून उठत नव्हता. तिनंच टोचून बोलून पाठवला. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही.

नंतर सरांनी फिल्मखालच्या इंग्रजी ओळींसाठी फोनवर एकेक वाक्य विचारलं. तिथंही हा शब्द आला. तिथंही मी तेच सांगितलं. तेव्हा तर कुठली गाडी सुटत नव्हती!

वर्षभरानं आबिड्सजवळच्या हॉलमध्ये माहितीपटांचा महोत्सव झाला. बुजवलेलं तळं, कळसूत्री बाहुल्यांचं शेवटचं घराणं, मास्तर नसलेली शाळा — किती विषय! प्रत्येकात कुणी ना कुणी रडायचं आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत बसायचो. यांनी कुणी "बस" म्हटलं असेल का? मग आमची फिल्म लागली. बाई आली होती, शेजारी मुलगी. पडद्यावर ती म्हणाली, "चालु बाबू", खाली इंग्रजीत ओळ उमटली, "पुढे चालू ठेवा", आणि हॉलभर कुजबुज पसरली. तिथून मिनिटभरात ते ताप-टोचणीचं आलं. मुलगी उठली. आईकडे न बघता दाराबाहेर गेली.

दिवे लागल्यावर एकानं उठून विचारलं, "ती थांबवा म्हणते आहे, तुम्ही काय लिहिलंय हे?" सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, आमच्या मराठीत याचा अर्थ उलटा होतो, चूक माझी. लोकांना ते पटलं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, "होता है भाई." बाहेर सर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. तुला कुठून कळणार?"

या माफीची इतकी चीड येते! न केलेल्या चुकीची माफी. अडाणी समजून सगळ्यांनी सोडून दिलं, आणि मीही अडाण्यासारखी मान खाली घातली.

एकीनं मात्र सोडलं नाही. मुलीमागे निघालेली बाई दाराशी वळली, माझ्याकडे बघितलं.

तिला ठाऊक होतं. त्या दिवशी शूटिंगआधी तिनं आम्हाला जेवू घातलं होतं. माझ्या ताटात भात वाढत होती, आणि मी ताटावर हात आडवा धरून म्हणालो होतो, "चालु अम्मा, चालु."

तिनं लगेच हात थांबवला होता.